काका झाला

मराठीत मामा बिचारा आधीपासूनच बदनाम. कुणाला फसवलं की त्याचा मामा केला. आमच्या शिवणकारखान्याने त्याच्या जोडीला काका दिला. सुई मोडली, काका झाला. लिफ्ट बंद पडली, काका झाला. पुढे चहावाल्यानेही तो शब्द उचलला. मी तिथे काज-बटणाला आहे, तो शब्द माझ्यासमोर जन्मला.

कापड कापणारे काका हाताचे पक्के होते. एका सकाळी बायकोला दवाखान्यात ठेवून कामावर आले, कारण मालकाने रजा नाकारली. सगळं लक्ष फोनकडे. बाहीचा पुठ्ठा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवून कापायचं असतं. तो उलटायचाच राहिला. अख्ख्या गठ्ठ्याच्या बाह्या डाव्या निघाल्या. "काका झाला!" म्हणत सगळे खिदळत असताना फोन आला. बायको गेली होती. हसणं थांबलं, शब्द मात्र राहिला. मेल्यांना एवढ्यात विसर कसा पडला, याचा मला अजून राग येतो.

काकांनी काम सोडलं. एकट्याने मुलाला वाढवलं, पण घरात कारखान्याचं नाव काढलं नाही. पुढे सून आली आणि नेमकी आमच्याकडेच शिवणाला लागली. घरी ते 'बाबा', त्यामुळे तिला पत्ताच नाही. एका संध्याकाळी भाजी करपली आणि ती हसत म्हणाली, "बाबा, आज काका झाला!"

त्यांनी ताट सरकवलं. "हा शब्द कुठला गं?"

"कारखान्यातला. पूर्वी कुणी वेंधळा काका होता म्हणे."

"वेंधळा नव्हता. त्या दिवशी त्याची बायको गेली." ते म्हणाले, "तुझी सासू. तो शब्द घरात नको आणूस. तिकडेही बंद झाला तर बघ."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर रडली, भांडली. "ते माझे सासरे आहेत! पुन्हा कुणी म्हणायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, हे मी विसरले होते.

दुपारी एकीचा दोरा गुंतला. "का..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली, तोच पलीकडून आवाज आला, "सासरा झाला!" हशा पिकला. आता सगळे तेच म्हणतात.

घरी बाबांनी विचारलं, "बंद झालं का गं?"

"हो बाबा. काका कुणीच म्हणत नाही आता."

त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं ती मला सांगत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.