माशांच्या टाकीवरची टपटप

मंडळी, आपल्या मत्स्यप्रेमींच्या फळ्यावर हे आजच लिहितोय, कारण उद्या मला लेकीकडे सांगोल्याला जायचंय आणि जीव थाऱ्यावर नाही.

मागे मोठ्या टाकीचं निम्मं पाणी एकदम बदललं आणि नळाच्या पाण्यातल्या औषधानं माझे दोन गोल्डफिश गेले. म्हणून आज सकाळी माळ्यावर पाण्याचं पिंप ठेवलं, त्याला सलाइनची नळी जोडली आणि थेंब थेंब पाणी टाकीत सोडलं. जास्तीचं पाणी काठाजवळच्या भोकातून बादलीत पडतं. मी नसलो तरी पाणी आपोआप बदलत राहावं, एवढाच हेतू.

जरा आडवा होऊन उठलो, तर थेंब बंद.

बायको म्हणाली, "नळी गळत हुती, बंद केली."

तिला समजावून पुन्हा चालू केली. दुपारी शेजारच्या भाभी पीठ मागायला आल्या आणि जाताना त्यांनीही नळीवरचं चाक फिरवलं. "चाचा, पानी जारा था, मैं बंद कर दी."

पाणीटंचाई सोसलेल्या आमच्या सोलापुरात टपटप ऐकून कुणाचा हात गप्प बसत नाही.

शेवटी बायकोनंच मागाचं सूत नळीच्या तोंडाला बांधून टाकीत सोडलं. पाणी सुतावरून गुपचूप उतरू लागलं.

आता आवाज नाही, म्हणून चालू आहे की नाही हे बघायला मी सारखा उठतोय.

बायको म्हणते, "जावा की निवांत. मी हाय की हितं."

तीच तर काळजी आहे. मंडळी, माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता का?