गुडघ्यांनी खाल्लेलं पेट्रोल

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा, तेव्हाची गोष्ट. नांदुरा ते बुलढाणा मोटार हाकणारा उकंडराव म्हणजे दिलदार गडी, पण अक्षरशत्रू! लायसनवर अंगठाच. मात्र त्याची पोरगी आशा सातवीच्या फायनलला बसली होती, अख्ख्या गावातली पहिली पोर. बापाची छाती अशी फुगली, की परीक्षेच्या दिवशी तिला बुलढाण्याला नेताना पेट्रोल बघायचंच राहिलं.

जादा पेट्रोलचा डबाही कधीचाच रिकामा झाला होता. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी तेव्हा पेट्रोल म्हणजे सांधेदुखीचं रामबाण औषध ठरवलं होतं ना! "उकंडराव, गुडघ्याले लावाले वाटीभर दे बा!" म्हटलं की हा देऊन मोकळा. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

राजूर घाटाच्या पहिल्याच चढावर मोटारीनं गचके खाल्ले आणि ती बसली. बुलढाण्याला अकराची घंटा होती. ती चुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की आशाचं लग्न उरकायला भाऊबंद टपलेलेच होते.

उकंडरावानं सीट उचलून टाकीत तुराटीची काडी बुडवली. टोक तेवढं ओलं झालं.

"काऊन बे, पेट्रोल न पाहताच निघाला?" मागे बसलेले पंजाबराव पाटील गरजले. आता बोला! त्यांच्याच गुडघ्यांना चोळलेल्या पेट्रोलचा वास गाडीभर सुटला होता.

"आहे थोडंसं," उकंडराव म्हणाला. "पण चढावर इंजिन टाकीच्या वर जाते. पेट्रोल वर कसं चढन?" मग त्यानं एकदम मांडीवर थाप मारली. "गाडी फिरवतो अन् रिव्हर्सनं घाट चढतो! इंजिन खाली राहीन, पेट्रोल आपसूक उतरन."

"घाटात उलटी? जीव जड झाला का मले?" म्हणत पाटील उतरले आणि पायी निघाले.

आशा उतरली नाही. मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून बसली. "आबा, मी रस्ता सांगते. तुमी फक्त हाका."

टपामुळे उकंडरावाला मागचं काही दिसेना. एका बाजूला दरी. पण पोरीचा आवाज काही कापत नव्हता.

"डोंगराकडं घ्या, आबा. अजून. आता सरळ. थांबा, बैलगाडी हाय!"

गाडीवान तोंडात बोट घालून बघतच राहिला. वळणामागून वळण मोटार पाठमोरी चढत गेली. माथ्यावर उकंडरावानं ती सरळ केली आणि सुसाट सोडली. शाळेच्या फाटकाशी आली आणि तिथंच बंद पडली. घंटेला पाच मिनिटं होती. आशा दौत-टाक घेऊन पळाली.

दुपारी पाटील लंगडत पोचले.

"गुडघे कसे हायत, पाटील?"

"गप बे! पोरगी पोचली ना?"

"पोचली!" उकंडराव एवढ्या मोठ्यानं बोलला, की आतून शिपाई दटावायला आला.

आशा पास झाली. लग्नाचा विषय मागे पडला आणि दोन वर्षांनी ती गावच्या शाळेत मास्तरीण झाली. त्याच साली उकंडराव लायसन नवं करायला बुलढाण्याला गेला. कारकुनानं सवयीनं शाईची गादी पुढे सरकवली. यानं ती बाजूला सारली, टाक मागितला, आणि जीभ दातांत धरून सावकाश सही केली.

"मागल्या खेपेले तर अंगठा होता!" कारकून म्हणाला.

"हाव साहेब," उकंडराव म्हणाला. "तवा माही पोरगी मास्तरीण नोयती."