रोडवरून न दिसणारी गच्ची

वारसाकाका केसांना कलप लावायचे, तो फक्त समोरून. कपाळापासून टाळूपर्यंत काळेभोर, मागे सरकीतून काढल्यासारखा पांढरा कापूस. शर्टाला इस्त्रीसुद्धा पुढच्याच बाजूला, कारण पाठ जाकिटाखाली जाते, तिच्यावर वीज कशाला जाळायची! कुणी हसलं की ते शांतपणे म्हणत, "समोरून दिसते का? नाई ना? मंग ते नाईच."

नाव दुसरंच होतं, पण गल्लीने त्यांना वारसाकाका केलं. अमरावतीत राजापेठेच्या अलीकडे त्यांचं आजोबांनी बांधलेलं कवेलूंचं, म्हणजे कौलारू, दुमजली घर होतं. ते सरकारच्या वारसा यादीत आलं आणि काकांचा शिक्षकी पेशातून निवृत्त झालेला आवाज पुन्हा वर्गात शिरल्यासारखा चढला. शहरातल्या वारसा समितीतही त्यांना घेतलं. तेव्हापासून गल्लीतली निळी टाकी, हिरवी नेट, कुणाचा गच्चीवरचा कूलर, सगळं त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

आमच्या गच्चीवर टिनाचं शेड होतं. वैशाखात त्याच्याखाली तरी माणसाला उभं राहता यायचं. काकांनी अर्ज केला की वारशाच्या घराशेजारी टिन शोभत नाही. टिन उतरलं. त्या उन्हाळ्यात आम्ही वरच्या खोलीत भाजून निघालो आणि काका समोरच्या सायकलच्या दुकानापाशी उभे राहून "आता कसं मोकळं वाटते!" म्हणत होते. वाटणारच, भाजत आम्ही होतो.

आमची आई साधी नव्हती. उतरत्या कवेलूंवर कुरडया घालता येत नाहीत, म्हणून काकू चाळीस वर्षं आमच्याच गच्चीवर वाळवण करत. नंतरच्या चैत्रात त्या शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन आल्या तेव्हा आई दारातच म्हणाली, "तुमच्या वारशावर घाला म्हना आता." काकू पातेलं घेऊन तशाच परत गेल्या. मला लहानपणापासून गरम चिकाची पहिली वाटी त्यांच्या हातची मिळालेली. मला ते फार लागलं, पण आईपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. गल्लीत नकाशा काढता येणारा मी एकटाच. "मागच्या बाजूचे कवेलू काढून गच्ची करायची," ते कुजबुजले. "रोडवरून दिसली नाई पायजे."

"काका, तुम्ही समितीवर ना?"

"म्हनून तं तुले सांगून राहिलो! दुसऱ्यानं विचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं."

मी नकाशा काढून दिला, काकांनी अकोटचा एक मिस्त्री आणला. काम फक्त भर दुपारी, बारा ते चार. मे महिन्यात अमरावतीत त्या वेळी मान वर करणारा माणूस जन्माला यायचाय, हा काकांचा हिशेब बरोबर निघाला. मलबा टोपल्यांतून जायचा, सिमेंट-रेती टोपल्यांतूनच यायची, वर पालकाच्या जुड्या. एवढा पालक खाणारं घर गल्लीने पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी काका सायकलच्या दुकानापाशी उभे राहत, डावीकडून बघत, उजवीकडून बघत आणि खूश होऊन घरी जात.

पुढच्या चैत्रात काकूंनी स्वतःच्या गच्चीवर कुरडया घातल्या. साठी उलटलेली ती बाई दिवसभर वर-खाली करत होती, पाय दुखतात हेही विसरली.

आणि मग नागपूरहून वारसा खात्याच्या मॅडम आल्या. उत्तम जतनाची पाटी या घराला लावायची ठरत होती. काकांनी त्यांना अर्थातच सायकलच्या दुकानापाशी नेलं. "पाहा, एक कवेलू हाललं नाई." मी बाजूला उभा, तोंडावर देवळातला भाव आणून. मॅडमनी जुना नकाशा ताडून पाहिला, मान डोलावली. सगळे आत चहाला आले.

काकूंनी तळलेल्या कुरडया आणल्या. मॅडम म्हणाल्या, "किती पांढऱ्याशुभ्र! घरच्या का?"

काकू खुलल्या. "घरच्याच! चाळीस वर्स लोकायच्या गच्चीवर वाळवल्या. या साली आमच्या सोताच्या गच्चीवर."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी मांडीवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्यात गच्ची कुठे होती?

काका हसले. "इचं काय घेऊन बसल्या मॅडम. वय झालं. हल्ली काईबी बोलते."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ताटलीकडे बघत हळूच म्हणाल्या, "हो. मले आठवत नसन."

त्या क्षणी मला काकांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण काकाच उठले. समोरचे काळे केस घामाने कपाळाला चिकटलेले. "नाई मॅडम," ते म्हणाले. "तिले सारं आठवते. मीच खोटं बोलून राहिलो. चाला वरते, दाखवतो."

पाटी गेली, समितीवरची जागा गेली, नोटीस आली. त्याच मिस्त्रीने त्याच जागी पुन्हा कवेलू चढवले, या वेळी पालकाशिवाय. गल्ली पोटभर हसली. मीही हसलो, खोटं का बोलू?

पुढच्या चैत्रात काका आमच्या दारात उभे राहिले. हातात चिकाचं पातेलं, मागे काकू. "वयनी, माह्यं चुकलं. तिले चार दिवस गच्ची द्या."

आईने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "घ्या नं. पन वरते सावली नाई. तुमच्याच अर्जानं गेली थे."

"मले ठाव हाये," काका म्हणाले.

तो त्यांचा शेवटचा उन्हाळा. चार दिवस ते डोक्यावर ओला पंचा टाकून, हातात काठी घेऊन कुरडयांवरचे कावळे हाकलत त्या उघड्या गच्चीवर बसले. जाकीट नाही, कलपही नाही. घामाने पंचा घसरला की केस आणखीच पांढरे दिसत. मी खाली सायकलच्या दुकानापाशी उभा होतो. राहवलं नाही, ओरडलो, "काका, रोडवरून दिसून राहिले तुमी!"

"दिसू दे नं बाप्पा," काका म्हणाले, आणि रोडकडे पाठ करून बसले.