अधूनमधून खरखर

पदनाम: समन्वयक, दूरध्वनी व आंतरजाल व्यय-नियंत्रण (अर्धवेळ). आस्थापना: एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी काम करणारी ना-नफा संस्था. वय: सत्तेचाळीस. जबाबदारी: बिले तपासणे, अनावश्यक जोडण्या ओळखून बंद करणे. अधिकार: लागू नाही.

संस्थेत तिला काटछाटबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. शेवटी सख्खी बहीणही म्हणायला लागली, कारण तिच्याशी फोनवर बोलतानाही बाईचा एक डोळा घड्याळावर असे. देणगीदार औषधांना पैसे देतात, चाकांच्या खुर्च्यांना देतात. फोनच्या बिलासाठी कुणाचा हात खिशाकडे जात नाही. मग वाचवायचं तिनेच.

तिची पद्धत साधी होती. बिलावरचा एकेक नंबर फिरवायचा आणि कान टवकारून इमारतभर हिंडायचं. एक फोन कपाटात फायलींखाली सापडला. दुसऱ्या जोडणीवर फॅक्सचं यंत्र निघालं. त्याच्यावर अकरा वर्षं कुंडी होती. दोन्ही जोडण्या तिने उडवल्या. तिसऱ्या नंबरावरून वर्षभरात एकही फोन गेलेला नव्हता. तिने तो तीनदा फिरवला, तिन्ही वेळा एंगेज. वहीत 'मृत' असं लिहून तिने कंपनीकडे बंद करण्याचा ऑनलाइन अर्ज टाकला. अंमलबजावणी गुरुवारी, संध्याकाळी सहाला.

गुरुवारी तीन वाजता वरच्या मजल्यावरच्या सिस्टर खाली आल्या. "ताई, हे स्टिकर परत छापून घ्या. मोठ्या अक्षरांत. म्हाताऱ्यांना नंबर दिसत नाही."

तिने नंबर वाचला आणि वही उघडली. 'मृत' लिहिलेला तोच नंबर.

"हा कुठे लावतात?"

"पलंगाला, उशाशी. तीनशे बारा घरांत. कुणी पडलं, छातीत दुखलं, की हाच फिरवतात. दिवसभर उसंत नसते बघा त्या फोनला."

उसंत नव्हती म्हणून एंगेज. आणि बिलात दिसतात ते गेलेले फोन. आलेल्यांची दखल बिल घेत नाही.

सिस्टर वर गेल्यावर तिने कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर माणूस मिळाला.

"अर्ज मागे घ्यायला अधिकृत व्यक्ती लागते, मॅडम. इथे संस्थापकांचं नाव आहे. त्यांना फोन द्या."

"ते चार वर्षांपूर्वी वारले."

"मग त्यांच्या सहीचं पत्र चालेल."

"अहो, वारले म्हणतेय ना!"

"मग नाव बदलण्याचा अर्ज करा. सात दिवस लागतात."

"बंद करताना मला कुणी काही विचारलं नाही!"

"बंद करायला कुणीही चालतं, मॅडम."

साडेतीन वाजून गेले होते. "बंद होणं कशानेच थांबत नाही का?"

"बिघाडाची तक्रार उघडी असेल तर थांबतं. पण तुमच्या लाइनवर तक्रार नाही."

"आता आहे. लिहून घ्या."

आयुष्यात एकदाच कंपनीने तत्परता दाखवली, ती नेमकी त्या दिवशी. पाच पस्तीसला लाइनमन हजर. वर जाऊन त्याने रिसीव्हर उचलला, ऐकला, ठेवला.

"बाई, फोन ठणठणीत आहे. 'दोष नाही' लिहून तक्रार बंद करतो."

"नका हो. तक्रार बंद झाली की सहाला लाइन कापतील." तिने सगळं सांगितलं. सिस्टर भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. लाइनमन मान डोलवत होता, पण पेन कागदावरच होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"हो आजी. उठायचा प्रयत्न करू नका. दाराची किल्ली शेजारी आहे ना? पाठवते मी कुणाला तरी. बोलत राहा माझ्याशी."

सिस्टर सात मिनिटं बोलत होत्या. फोन ठेवला तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती.

लाइनमनने रिसीव्हर काटछाटबाईच्या कानाला लावला. "खरखर येते का?"

"नाही."

"नीट ऐका."

तिने नीट ऐकलं. "येते."

"सारखी, की अधूनमधून?"

"अधूनमधून."

"ती फार वाईट. शोधायला गेलं की गायब होते." त्याने लिहिलं: 'अधूनमधून खरखर. शोध चालू.' खाली सही केली, हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला.

या गोष्टीला चौदा महिने झाले. तक्रार अजून प्रलंबित आहे.