रिक्रूटरच्या सासऱ्यांनी घेतलेली परीक्षा

मंडळी, मला सॉफ्टवेअर टेस्टिंग सोडून लोकांना यंत्रं वापरायला शिकवायचंय. आधीच्या दोन रिक्रूटरांनी अनुभव नाही म्हणून परत पाठवलं होतं. आज सदाशिव पेठेतल्या एका रिक्रूटर बाईंच्या घरी गेले.

रिझ्युमे बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना नवं श्रवणयंत्र मोबाइलला जोडायला शिकवा. तुम्ही हात लावायचा नाही."

मी एकेक पायरी सांगत गेले. आजोबा चुकले की मी थांबले, पुन्हा सांगितलं. यंत्र त्यांनीच जोडलं.

"या मुलीला शिकवता येतं," ते सुनेला म्हणाले. "तू नुसती ओरडतेस."

"अहो बाबा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून," असं म्हणत बाईंनी माझ्यासाठी एका कंपनीला फोन लावला.

सोमवारी मुलाखत आहे. तुम्हाला असं काय येतं, जे रिझ्युमेत कधी लिहिलंच नाही?