माझ्या गाडीचा डबा

"वहिनीले आत्ताच सांगू नको, पण तिच्या जॉइनिंगले गाडी काई तयार होत नाई."

हे मी ऐकायचं नव्हतं. पण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते आणि मी तिथे पोहे भिजवत होते. बोलणारे इरफानभाई, गल्लीतले ऑटो इलेक्ट्रिशियन. ऐकणारा नीलेश, माझा नवरा. आणि गाडी माझी. लग्नाआधी नागपूरच्या एका लॅबमध्ये चार वर्षं लोकांचं रक्त तपासून घेतलेली, सेकंडहँड, पांढरी, माझ्या नावावरची.

जॉइनिंगही माझंच. कोरपन्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ठरलेल्या सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. चंद्रपूरहून कोरपना काही परदेश नाही, पण रोज जायचं-यायचं, रस्त्यावर सिमेंटच्या ट्रकांची रांग आणि एसटी तिच्या मर्जीची. गाडी लागणारच होती.

लग्नाला सहा महिने झाले. माहेरी गडचिरोलीला गेले की मैत्रिणी विचारतात, "सांग ना सासूचे किस्से." सासूचा माझ्याकडे एकच आहे, आणि त्यात त्यांची चूक नाही. बाकीचे सगळे एका डब्याचे. एक सांगायला घ्यावा तर मागचे तीन दारात येऊन उभे राहतात. म्हणून आता लिहूनच काढते.

*

सुरुवात बांबूच्या ट्रकनं केली.

लग्नानंतर आम्ही आलापल्लीला मावशींकडे निघालो होतो. नीलेश गाडी चालवत होता, मागे सासूबाई, डिकीत तांदळाचं पोतं, आणि एसी फुल. एका चढावर मागून बांबू लादलेला ट्रक आला, हॉर्न वाजवला आणि आम्हाला ओव्हरटेक करून गेला. सावकाश गेला, त्याचंच जास्त लागलं. शेवटच्या बांबूला बांधलेलं लाल फडकं बराच वेळ आमच्या काचेसमोर हलत होतं.

"बाप्पा," सासूबाई मागून म्हणाल्या, "हा पण गेला."

 आलापल्लीला मावशींच्या दारात नीलेशनं गाडी लावून किल्ली काढली आणि म्हणाला, "इंजिनचा कॉम्प्युटरच बदलाव लागते."

मला वाटलं, जेवण झालं की राग जाईल. मी नवीन होते.

*

हा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारा डबा. आमच्या घरात त्याला डबाच म्हणतात.

डब्यावरून घरात तीन पक्ष झाले. नीलेशचं म्हणणं, डबा जुनाच ठेवू, आतलं लिखाण बदलून घेऊ. इरफानभाईंचं म्हणणं, जुन्याला हात लावू नका, त्याच्या वायरींवर एक छोटा डबा बसवू, तो मधल्यामधे जुन्याला फसवेल. तिसरा प्रशांत, नीलेशचा मित्र. हा सिमेंट कंपनीत मीटर-सेन्सरच्या खात्यात आहे आणि शिफ्ट सुटली की स्वतःच्या घरी न जाता आमच्या घरी येतो. त्याचं म्हणणं, जुना काढून फेका, पूर्ण नवीन लावा.

तीन आठवडे हे चाललं. मी चहा नेऊन नेऊन तिघांचेही मुद्दे पाठ केले.

एका संध्याकाळी इरफानभाई समजावत होते, "प्रशांत, नवा डबा म्हणजे नवी नवरी असते बे. घरचे सगळे वायर तिच्याशी जुळले पायजे. एक जरी नाई जुळला तर सगळ्या घराचा फ्यूज उडते."

मग त्यांना दारात ट्रे घेऊन उभी असलेली मी दिसले.

"वहिनी, तुमचं नाई बोललो."

मी चहा ठेवला आणि आत आले.

*

शेवटी प्रशांतचा पक्ष जिंकला, कारण लॅपटॉप त्याचा होता. पण डबा कोणता घ्यायचा हे ठरण्याआधी त्यांनी डब्यात सेटिंग भरायचं सॉफ्टवेअर घेतलं. प्रशांतनं तीन सॉफ्टवेअरचे स्क्रीन दाखवले. एकात गोल मीटर होते, हिरवे काटे, खाली निळी पट्टी.

"हेच घ्या," इरफानभाई म्हणाले. "मंगल कार्यालयासारखं दिसून राह्यलं."

घेतलं. मग कळलं, त्या कंपनीचा डबा कुठेच मिळत नाही. तेव्हा जो मिळाला तो मागवला. इरफानभाईंनी जुन्या डब्याचं सॉकेट कापलं, नव्याला जोडलं, लॅपटॉप लावला. स्क्रीनवर आलं, डिव्हाइस सापडलं नाही. दोन दिवस तिघं केबल काढत होते, फुंकर मारत होते, परत लावत होते.

तिसऱ्या दिवशी डबा पाठवणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, त्यांचं सॉफ्टवेअर या डब्याशी बोलत नाही."

"काऊन?" नीलेशनं विचारलं. "भांडण हाय का त्यांचं?"

दुकानदारानं या डब्याचं सॉफ्टवेअर पाठवलं. त्याचे मीटर करडे होते. दोन दिवस घरात सुतक होतं. "जुना डबाच परत लावा" असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण सॉकेट कापलेलं मी पाहिलं होतं.

*

आता सासूबाईंचा.

घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते. फ्रिजची झाली, मिक्सरची झाली, माझीही झाली असं धरायला हरकत नाही. डबा गाडीत पक्का बसवण्याआधी सासूबाईंनी तो पाटावर मागितला. नीलेश नाही म्हणू लागला तर इरफानभाईच त्याला म्हणाले, "होऊ दे ना यार. माई प्रेमानं करून राह्यल्या."

हळद झाली, कुंकू झालं. मग सासूबाईंनी नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे पाणी शिंपडलं. त्यांचा हात मोकळा आहे. डब्याचं सॉकेट वरच्या बाजूला होतं.

कोणीतरी म्हणालं, तांदळात ठेवा, तांदूळ पाणी ओढतो. डबा तांदळाच्या पिपात गाडला. तीन दिवस पीप उघडायचं नाही, असा प्रशांतचा हुकूम. आमच्या धानाच्या मुलखात तीन दिवस भाताशिवाय काढणं म्हणजे उपास. सासूबाई पोळी ताटात घेऊन पिपाकडे पाहत जेवल्या.

चौथ्या दिवशी डबा निघाला. चालला. डब्यातून काढलेला शेवटचा तांदळाचा दाणा इरफानभाईंनी चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवला.

*

तोवर मे उजाडला. सेटिंग तपासायला दुकानदारानं एक तज्ज्ञ गाठून दिला. तो लांबच्या थंड हवेच्या गावात बसून इंटरनेटवरून आमच्या गाडीचे आकडे बघायचा.

पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमचा हवेचा सेन्सर खराब आहे. इंजिनात जाणारी हवा एवढी गरम असूच शकत नाही."

सेन्सर बदलला. तोच आकडा. तज्ज्ञ म्हणाला, हाही डुप्लिकेट आहे. नागपूरहून दुसरा आणला. तोच आकडा. इरफानभाईंनी सगळी वायर उसवून नवीन ओढली. आकडा एक डिग्रीनं वाढला, कारण तोपर्यंत दुपारचे दोन वाजले होते.

तज्ज्ञ वैतागला. "सर, गाडी सावलीत आहे ना?"

"सावलीतच हाय."

"तुम्ही बोलताय कुठून?"

"चंद्रपूर," नीलेश म्हणाला.

पलीकडे त्यानं चंद्रपूरचं तापमान शोधल्याची टकटक ऐकू आली. मग तज्ज्ञ म्हणाला, "पहिला सेन्सर फेकला तर नाही ना?"

*

मग तज्ज्ञाला रस्त्यावरचे आकडे हवे होते. सरळ रिकामा रस्ता, तिसरा गिअर, दहा सेकंद फुल ॲक्सिलरेटर, तेवढ्या वेळाची फाइल पाठवा. तिघं पहाटे मूल गावच्या रस्त्याला गेले. दोन्ही बाजूंना जंगल, रस्ता सरळ, ट्रक नाही.

चार दिवसांनी प्रशांतच्या लॅपटॉपवर मी फाइलींची यादी पाहिली. गाय १. गाय २. माकड. गाय ३ बसलेली. रानडुक्कर. गाय २ परत.

एकही फाइल चार सेकंदांचीसुद्धा नव्हती.

पाचव्या दिवशी नाक्यावरच्या वनरक्षकानं अडवलं. मांडीवर लॅपटॉप, त्यातून वायरी इंजिनात गेलेल्या. "काय मोजून राह्यले हे?" त्यानं विचारलं.

"इंजिनचा ईसीजी, साहेब," इरफानभाई म्हणाले.

"असं?" वनरक्षकानं मागे बोट दाखवलं. "मंग आमच्या जीपचापण काढा. दोन महिन्यांपासून उठत नाई."

तिघं दुपारी परत आले. जीप उठली होती. माझी गाडी मात्र टोचन करून आणली.

*

जॉइनिंगच्या आधीच्या शनिवारी गाडी चालली. खरंच चालली, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. फक्त एक अडचण होती. लॅपटॉप काढला की बंद पडायची.

कारण साधं होतं. स्क्रीनवर सेव्हचं बटण होतं. ते दाबलं की सेटिंग डब्यात कायमचं बसतं आणि लॅपटॉप लागत नाही. पण तोवर तिघांनी आपापली फाइल बनवली होती. नीलेशची वेगळी, इरफानभाईंची वेगळी, प्रशांतची "फायनल" आणि "फायनल खरंच". कोणाची सेव्ह करायची यावर एकमत होईना. म्हणून कोणाचीच केली नाही.

मी सकाळच्या एसटीची चौकशी करून ठेवली होती. पण नीलेश म्हणाला, "तू पहिल्या दिवशी स्वतःच्या गाडीत जाशील. मी शब्द देतो." चेहरा असा केला होता की मला नाही म्हणवेना.

तर सोमवारी सकाळी मी माझ्या गाडीतून निघाले. मागच्या सीटवर. नीलेश चालवायला, प्रशांत पुढे लॅपटॉप घेऊन, माझ्या शेजारी टूलबॉक्स, त्याच्या पलीकडे इरफानभाई. साडीच्या निऱ्यांवरून एक वायर गेली होती, ती हलवायची नाही असं मला सांगितलं होतं.

राजुरा ओलांडलं. गाडी छान ओढत होती.

"पाहिलं? माझी फाइल हाय म्हणून," नीलेश म्हणाला.

"तुझी काऊन? चढावर आवाज ऐकला ना? ते माझं सेटिंग," इरफानभाई म्हणाले.

प्रशांत नुसता हसला. म्हणजे त्याच्या मते त्याची.

गडचांदूरच्या पुढे लॅपटॉपनं टुंग केलं. बॅटरी संपत आली होती. चार्जर घरी, फ्रिजमागच्या प्लगमध्ये. नीलेशनं गाडी कापसाच्या शेताकडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. आता सेव्ह करणं भागच होतं. कोणाची फाइल, यावर तिघांनी सुरू केलं. नीलेश म्हणाला नवरा मी आहे. इरफानभाई म्हणाले वायरी माझ्या आहेत. प्रशांतनं लॅपटॉप छातीशी धरला. बाजूनं सिमेंटचे ट्रक जात होते आणि प्रत्येकाच्या धुळीत माझी साडी थोडी थोडी करडी होत होती. साडेनऊ वाजून गेले. टुंग परत वाजलं.

आमच्या कामात आधी बाटलीवरची चिठ्ठी वाचतात, मग आतलं तपासतात. ती सवय जात नाही. नीलेशच्या मागच्या सीटवरून स्क्रीन चंद्रपूरपासून मला दिसत होता. मी टूलबॉक्सवरून पुढे वाकले.

"प्रशांतभाऊ, वर फाइलचं नाव वाचा. सॅम्पल लिहिलं आहे. दुकानदारानं इंजिन सुरू होते का पाहाले पाठवलेली, घाईत तुम्ही तीच उघडली सकाळी. घरापासून तिच्यावरच चालून राह्यली गाडी. तीच सेव्ह करा, मले दहाला सही कराची आहे."