शोभनाकाकूची चटणी आणि सुळेवाली पोरं

शोभनाकाकू अमेरिकेत फ्रीमाँटला आली त्याच महिन्यात तिनं दारात आगीचा बंब आणला. जळलं काही नव्हतं. बाईनं टाउनहाऊसच्या किचनात लोखंडी तव्यावर सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या, आणि छताला चिकटवलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. बंबावरचा धिप्पाड गडी हेल्मेट घालून आत घुसला अन् शिंकत शिंकत उलट्या पावली बाहेर आला. काकू तांब्या घेऊन त्याच्या मागं.

"पी की रं बाबा, ठसका लागलाय न्हवं?"

त्याला मराठी येत नव्हतं, हिला इंग्रजी. पण पाणी तो घटाघटा प्याला. तेव्हापासून मिरच्या मागच्या अंगणात, वारं कुठलं आहे ते बघून.

काकू कराडकडची. नवरा राजाराम सकाळी फ्रीवेला लागला की दिवेलागणीलाच उगवायचा, आणि हिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. पण बसून राहील ती शोभना कसली? येताना सामानात दगडी खलबत्ता आणला होता. त्यात ती लसूण, खोबरं, मिरची, मीठ घालून असं कुटायची की शेजारच्या चिनी आजीला वाटायचं, घराचं काम निघालंय. मिक्सरचं नाव काढलं की म्हणायची, "मिक्सरात लसूण नुसता चिरतोय. त्यो रडला पायजे."

तर ह्या चटणीवरनंच मराठी मंडळात वाजलं. मंडळाच्या जेवणाचं सगळं पद्मिनीवहिनी बघायच्या. पुण्याच्या, बोलणं गोड, निर्णय पक्का.

"शोभनाताई, आपली मुलं हे खात नाहीत हो. सगळं वाया जातं. दिवाळीला सरळ पिझ्झा मागवू."

"दिवाळीला पिझ्झा? मग शिमग्याला केक कापू या का वैनी?"

सगळे हसले, वहिनी सोडून. शेवटी ठरलं असं की ऑक्टोबरातल्या मुलांच्या मेळाव्याला काकूनं वडापाव आणि चटणी करायची. पोरांनी फस्त केलं तर दिवाळीचा स्वयंपाक काकूच्या हातात. उरलं तर पिझ्झा.

"उरलं तर खलबत्ता खाडीत फेकून देते," काकू बोलून बसली. बोलली म्हणजे करणार, हे राजारामला माहीत होतं. त्याचं तोंड उतरलं. खलबत्ता गेल्यावर खायचं काय?

मेळाव्यात सिनेमा दाखवायचं काम केदारकडं. केदार सडाफटिंग, म्युनिकला दोन वर्षं काढून आलेला. तिथनं त्यानं एक जर्मन पोरांचा सिनेमा आणला होता. दोन व्हॅम्पायर भावंडं, दुधाचे दात पडून सुळे आलेली, माणसांच्या शाळेत नाव घालतात. छत्री घेऊन उन्हात निघतात, गणिताच्या तासाला छताला उलटी लोंबकळतात, गाईवर बसून उडतात. दुकानं हॅलोवीनच्या मालानं भरलेली; केदारनं हौसेनं सगळ्या पोरांना प्लास्टिकचे सुळे वाटले. नको तिथं डोकं चालवायची त्याची जुनी खोड.

काकू हॉलच्या मागच्या खोलीत वडे तळत होती. जर्मन कळायचं नाही, खालची इंग्रजी अक्षरंही नाहीत, तरी झारा हातात धरून दारातनं बघत होती. "आगं बया, उतरवा की कुणी त्या पोरीला छपरावरनं! आई कुटं गेली तिची?"

एवढ्यात पडद्यावरच्या खाष्ट हेडमास्तरनं कोटाच्या खिशातनं लसणाचा गड्डा काढला. वास लागताच व्हॅम्पायर पोरांचे केस उभे राहिले, डोळे फिरले, आणि दोघंही शाळेच्या सूपच्या पातेल्यात बदाबदा पडली. हॉलमधली झाडून सगळी पोरं उठून ओरडायला लागली, "नो गार्लिक! नो गार्लिक!"

काकूच्या हातातला झारा खाली पडला.

"केदार, मुडद्या, कसला शिनेमा लावलास रं?"

केदारच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तोवर उशीर झाला होता. सिनेमा संपला, पानं वाढली, आणि एकही पोर चटणीला शिवेना. सहा वर्षांची रीमा सुळे सावरत गंभीरपणे म्हणाली, "काकू, आय कान्ट. आय विल टर्न इन्टू अ‍ॅश."

पद्मिनीवहिनींनी पर्समधनं फोन काढला. "मी पिझ्झाचं सांगून ठेवते हं. मुलं उपाशी नकोत."

काकूनं पदर खोचला. चटणीचं पातेलं काखेत मारलं आणि भसाड्या आवाजात म्हणाली, "थांबा! सुळं काय, दुकानात मिळत्यात. खरा व्हॅम्पायर कोण हाय त्याची परीक्षा घेणार मी. चिमूटभर चटणी खायाची. जो वरडंल, नाचंल, ज्याच्या डोळ्यातनं पाणी यील, त्यो खरा. गप बसंल त्यो निस्ता माणूस! केदार, सांग इंग्रजीत."

केदारनं सांगितलं. मग रीमा पुढं आली, सुळे काढले, चिमूट तोंडात टाकली.

"आआआ! आय ॲम रिअल! आय ॲम रिअल!"

मग काय, झुंबडच उडाली. कोण जीभ काढून पळतंय, कोण गडाबडा लोळतंय, आर्य तर खुर्चीवर चढून वटवाघळासारखा हात फडफडवतोय. एकदा नाचून कुणाचं भागेना. खात्री करायला परत चटणी, आग विझवायला वडा, वड्याबरोबर पाव.

रडला एकटा ईशान, काकूचाच पोरगा. लहानपणापासनं हीच चटणी खाल्लेली. त्याला काही होईच ना. पोरांनी घेरलं. "ही इज ह्यूमन! ही इज ह्यूमन!"

"गप बसा रं," काकूनं त्याला पोटाशी ओढलं. "ह्यो इंग्लिश भूत न्हाई. ह्यो आपल्याकडचा वेताळ. समद्या भुतांचा राजा. त्याला काय बी बाधत न्हाई."

ईशाननं नाक पुसलं आणि पोरांकडं बघून म्हणाला, "आय ॲम युवर किंग." पोरांनी तेही मान्य केलं.

वड्यांची परात रिकामी झाली. पद्मिनीवहिनी फोन हातात घेऊन परातीकडं बघत राहिल्या. पातेल्याच्या कडेला चिकटलेली चटणी बोटानं पुसून त्यांनी जिभेवर ठेवली. मग त्यांचे डोळे भरले, चष्म्यावर वाफ आली, आणि पुण्याचं सगळं सौजन्य बाजूला ठेवून त्यांनी जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

"घ्या वैनी," काकूनं खाली पडलेले सुळे पुढं केले, "तुमीबी पास."

वहिनींनी पाणी पिऊन, श्वास घेऊन विचारलं, "दिवाळीला एवढ्या जणांचा लसूण सोलणार कोण पण?"

काकूनं मान वळवली. केदार सुळे घालूनच दाराकडं सरकत होता.

"हिकडं ये, मुडद्या."

वसुबारसेला केदार काकूच्या गॅरेजात लसूण सोलत बसला होता, सुळे तोंडात. ते काढायची राजेसाहेबांची परवानगी नव्हती.